स्पॅनिश क्रियापदाचं रूप परत परत चुकतंय? आधी दोष कुठे आहे ते ओळखा

तक्रार साधारण अशी असते. तक्ते पाठ आहेत, विचारलं तर सहाही रूपं क्रमाने म्हणून दाखवता येतात, पण वाक्य बोलायला किंवा लिहायला घेतलं की भलतंच रूप तोंडातून निघतं. मग पुन्हा तक्ता उघडायचा, पुन्हा घोकायचं, काही दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच रडगाणं.

घोकून हा प्रश्न सुटत नाही, कारण तक्ता प्रत्यय शिकवतो आणि चुका प्रत्ययात फारशा नसतातच. त्या तीन ठिकाणी असतात: अंगात, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी धातूचं जे रूप तयार होतं त्यात, आघातात, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर येतो त्यात, आणि मराठी वाक्याची घडी जशीच्या तशी स्पॅनिशवर बसवण्यात. तिन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून चुकलेलं रूप आणि बरोबर रूप एकाखाली एक लिहा आणि फरक कुठे पडलाय ते बघा. सुरुवात वेगळी असेल तर अंगाचा दोष. अक्षरं तीच पण जोर वेगळा असेल तर आघाताचा. आणि रूप स्वतःपुरतं निर्दोष असूनही त्या वाक्यात चुकीचं ठरत असेल, तर मराठी आड आली आहे.

लिखाणाबद्दल एक खुलासा. स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. जिथे जोर दाखवणं गरजेचं आहे तिथे त्या अक्षरापुढे अवग्रह दिला आहे: आऽब्लो, आब्लोऽ.

अंग चुकतं तेव्हा

पोनेर (ठेवणे) हे एकच क्रियापद नीट उलगडून पाहू, कारण यात जवळजवळ सगळ्या प्रकारची गडबड एकत्र सापडते.

वर्तमानकाळ: पोंगो, पोनेस, पोने, पोनेमोस, पोनेइस, पोनेन. फक्त 'मी'चं रूप वाकडं, बाकी सरळ. साधा भूतकाळ: पुसे, पुसिस्ते, पुसो, पुसिमोस, पुसिस्तेइस, पुसिएरोन. इथे अंगच बदललं. भविष्यकाळ: पोन्द्रे, पोन्द्रास, पोन्द्रा, पोन्द्रेमोस, पोन्द्रेइस, पोन्द्रान. आणखी एक अंग. अपूर्ण भूतकाळ मात्र पोनीआ, पोनीआस असा एकदम साधा. धातुसाधित विशेषण पुएस्तो.

हे सगळं वेगवेगळ्या तक्त्यांत पाहिलं की डोकं गरगरतं. पण एका ओळीत लिहा: पोनेर, पोंगो, पुसिएरोन, पोन्द्रे, पुएस्तो. पाच रूपं झाली आणि क्रियापद हातात आलं, कारण उरलेलं सगळं यांच्यातूनच निघतं.

पोंगोमधला शेवटचा 'ओ' काढा, राहिलं पोंग. त्यातून इच्छा, शंका, आज्ञा यांसाठी लागणारा सुब्खुन्तिबो तयार होतो: पोंगा, पोंगास, पोंगा, पोंगामोस, पोंगाइस, पोंगान. 'पोना' असं रूप तोंडात येत असेल, तर तुम्ही ते पोनेरपासून बनवताय, पोंगोपासून नाही. इतकंच बिघडलंय. 'एर' आणि 'इर' अंताच्या क्रियापदांना इथे 'आ'चे प्रत्यय लागतात आणि 'आर' अंताच्यांना 'ए'चे, म्हणजे वर्तमानाच्या बरोबर उलट. तेंगोपासून तेंगा, दीगोपासून दीगा, आगोपासून आगा, साल्गोपासून साल्गा, कोनोस्कोपासून कोनोस्का. हा नियम न पाळणारी क्रियापदं सहाच: सेर (सेआ), इर (बाया), एस्तार (एस्ते), दार (दे), साबेर (सेपा) आणि आबेर (आया). ही सहा मात्र पाठच करायची, दुसरा मार्ग नाही.

पुसिएरोनमधलं 'रोन' काढून 'रा' लावा: पुसिएरा. भूतकाळातला सुब्खुन्तिबो झाला. या नियमाला स्पॅनिशमध्ये एकही अपवाद नाही. हे मुद्दाम ठासून सांगतोय, कारण शिकणारे ज्याला सगळ्यात जास्त घाबरतात तोच हा काळ. दिखेरोनपासून दिखेरा, फुएरोनपासून फुएरा, दिएरोनपासून दिएरा, दुर्मिएरोनपासून दुर्मिएरा. पुसिएराऐवजी पुसिएसे असंही दिसेल. अर्थ तोच, 'रा'वालं रूप जास्त चालतं. म्हणून भूतकाळाचा तक्ता 'मी'पासून सुरू न करता 'ते'पासून सुरू करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या एका रूपावर पुढची सहा रूपं अवलंबून आहेत.

पुसेसारखे वाकडे भूतकाळ एकाच घराण्यातले आहेत: तुबे, एस्तुबे, आन्दुबे, पुदे, सुपे, इसे, बिने, किसे, दीखे, त्राखे. सगळ्यांचे प्रत्यय एकच: ए, इस्ते, ओ, इमोस, इस्तेइस, इएरोन. फक्त अंगाच्या शेवटी 'ख' असेल तर 'इएरोन'मधला 'इ' गळतो. म्हणून दिखेरोन, त्राखेरोन, कोन्दुखेरोन, 'दिखिएरोन' नव्हे. आन्दारचं आन्दुबे तर स्पॅनिश ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याही तोंडी 'आन्दे' होऊन बसतं, तेव्हा ते लगेच जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

भविष्यकाळाची गोष्ट तर सुंदर आहे. तो मुळात दोन शब्दांचा होता: धातू आणि त्यामागे आबेर या सहायक क्रियापदाची वर्तमानातली रूपं ए, आस, आ, एमोस, आन. म्हणूनच भविष्याचे प्रत्यय सगळ्या क्रियापदांना सारखे आणि ते अख्ख्या धातूला लागतात: आब्लारे, कोमेरे, बिबिरे. जिथे मधला स्वर झिजला तिथे अंग आखडलं. पोनेरे झिजून पोन्रे झालं आणि 'न' व 'र' यांच्या मध्ये उच्चाराच्या सोयीसाठी 'द' शिरला: पोन्द्रे. तेन्द्रे, बेन्द्रे, साल्द्रे, बाल्द्रे यांचंही तेच. पोद्रे, साब्रे, आब्रे, काब्रे, केर्रे यांच्यात नुसता स्वर गळाला. दिरे आणि आरे ही दोन आणखी आखडली. मूळ क्रियापदं एवढीच, बारा. याच अंगाला 'ईआ' लावलं की संकेतार्थ: पोन्द्रीआ, दिरीआ, आरीआ. तेव्हा भविष्य आलं की संकेतार्थ आलाच, त्याचा वेगळा अभ्यास नको.

जाता जाता: हाच भविष्यकाळ अंदाज सांगायलाही वापरतात आणि तिथे मराठी माणसाला काही शिकावंच लागत नाही. 'सेरान लास सिन्को' म्हणजे 'पाच वाजले असतील'. 'दोन्दे एस्तारा?' म्हणजे 'कुठे असेल?'

अपूर्ण भूतकाळात वाकडी क्रियापदं तीनच आहेत: सेर (एरा), इर (इबा), बेर (बेईआ). तिथे फार वेळ घालवू नका.

आघात चुकतो तेव्हा

हा दोष सगळ्यात उशिरा लक्षात येतो, कारण मराठीत जोराची जागा बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण जोर कुठेही दिला तरी ऐकणाऱ्याला शब्द कळतो. स्पॅनिशमध्ये कळत नाही, किंवा दुसराच कळतो. आब्लार (बोलणे) या अगदी नियमित क्रियापदाच्या या जोड्या मोठ्याने म्हणून बघा.

आऽब्लो: मी बोलतो. आब्लोऽ: तो बोलला.
आऽब्ले: त्याने बोलावं. आब्लेऽ: मी बोललो.
आब्लाऽरा: तो बोलला असता तर यातलं रूप. आब्लाराऽ: तो बोलेल.

अक्षरं तीच; माणूस, काळ आणि अर्थ तिन्ही हलले. लिहिताना हा फरक स्वरावरच्या तिरप्या रेघेने दाखवतात आणि नेमकी तीच रेघ आपण 'राहिली तर राहिली' म्हणून सोडून देतो. ती शोभेची नाही. नियम असा: शब्द स्वराने, 'न'ने किंवा 'स'ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर; इतर व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्या अक्षरावर; आणि जोर या नियमाबाहेर गेला तर रेघ. पुसे आणि पुसो यांना रेघ नाही, कारण तिथे जोर पहिल्याच अक्षरावर आहे: पूऽसे, पूऽसो. नियमित क्रियापदांच्या सवयीने 'पुसोऽ' म्हणणारे पुष्कळ आढळतात. वाकड्या भूतकाळांच्या त्या सगळ्या घराण्यात 'मी' आणि 'तो' या रूपांत जोर अंगावरच राहतो, हे एकदा कानात बसवा.

आता आघाताचा दुसरा उद्योग. 'ए'चा 'इए' आणि 'ओ'चा 'उए' करणारी क्रियापदं शिकताना सांगतात की चार रूपं बदलतात आणि दोन बदलत नाहीत. पण कुठली चार, हे पाठ करायचं कारणच नाही. ज्या रूपात जोर अंगावर पडतो तिथे स्वर फुटतो; जोर प्रत्ययावर सरकला की स्वर जसाच्या तसा. पिएऽन्सो, पिएऽन्सास, पिएऽन्सा, पिएऽन्सान. पण पेन्साऽमोस, पेन्साऽइस. दुएऽर्मो, पण दोर्मीऽमोस. सुब्खुन्तिबोमध्येही तसंच: पिएऽन्से, पण पेन्सेऽमोस. अर्जेंटिनात 'तू'साठी 'बोस' वापरतात आणि त्याचं रूप शेवटी जोर घेतं. म्हणून तिथे पोदेऽस, केरेऽस, पेन्साऽस असं ऐकू येतं, पुएऽदेस किंवा किएऽरेस नाही. हा अपवाद नाही, वरच्याच नियमाचा पुरावा आहे.

'इर' अंताची क्रियापदं मात्र एक पायरी पुढे जातात आणि चुकांची खरी गर्दी तिथेच होते. दोर्मिर (झोपणे) आणि पेदिर (मागणे) घ्या. भूतकाळात दोर्मीऽ, दोर्मीऽस्ते, पण दुर्मिओऽ; दोर्मीऽमोस, पण दुर्मिएऽरोन. पुन्हा दुर्मिएऽन्दो, दुर्माऽमोस, दुर्मिएऽरा. तरी दोर्मीऽआ आणि दोर्मिरेऽ. वरवर पाहता काही ताळमेळ नाही. पण अंगानंतरचं अक्षर बघा. त्यात निखळ 'इ' किंवा 'ई' असेल तर 'ओ' शाबूत राहतो: दोर्-मीऽ, दोर्-मीऽस्-ते, दोर्-मि-रेऽ. निखळ 'इ' नसेल, म्हणजे 'इओ', 'इए' किंवा 'आ' असेल, तर 'ओ'चा 'उ' होतो: दुर्-मिओऽ, दुर्-मिएऽ-रोन, दुर्-माऽ-मोस. पेदिरचंही अगदी हेच: पेदीऽ, पेदीऽमोस, पेदिरेऽ, पण पिदिओऽ, पिदिएऽरोन, पिदाऽमोस, पिदिएऽन्दो. सेन्तिर, मोरिर, सेर्बिर, रेपेतिर सगळी याच वाटेने जातात. या एका नियमाने भूत, दोन्ही सुब्खुन्तिबो आणि चालू क्रियेचं रूप एका दमात सरळ होतात.

आणखी एक खोटी भीती इथेच काढून टाकू. बुस्कार (शोधणे), येगार (पोहोचणे), एम्पेसार (सुरू करणे) यांची भूतकाळातली 'मी'ची रूपं रोमन लिपीत वेगळ्या अक्षरांनी लिहितात, म्हणून पुस्तकं त्यांना अनियमितांच्या यादीत ढकलतात. तीच देवनागरीत लिहा: बुस्केऽ, येगेऽ, एम्पेसेऽ. 'क' तिथेच, 'ग' तिथेच, 'स' तिथेच. बदललं काहीच नाही; रोमन लिपीत 'ए'च्या आधी तो आवाज टिकवण्यासाठी अक्षर बदलावं लागतं, एवढंच. रेकोखेर (गोळा करणे), रेकोखो हेही तसंच. उलट कोनोसेर (ओळखणे), कोनोस्को हा बदल देवनागरीतही दिसतो, म्हणजे तो खरा. शंका आली की देवनागरीत लिहून पाहायचं. आपल्या लिपीची ही आयती सोय आहे, ती जरूर वापरावी.

रूप बरोबर, वाक्य चूक: मराठी आड येते तेव्हा

पहिला सापळा भूतकाळातला. 'तिने पुस्तकं आणली' यात मराठी क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालतं. स्पॅनिश क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणेच चालतं: त्राखो लोस लिब्रोस. आणणारी एक, म्हणून त्राखो. पुस्तकं कितीही असोत. 'त्राखेरोन' तोंडात येत असेल तर चूक तक्त्याची नाही, 'ने' प्रत्ययाच्या सवयीची आहे. जोडकाळातही तेच. 'मी पत्रं लिहिली आहेत' म्हणजे ए एस्क्रीतो लास कार्तास. आबेरबरोबर एस्क्रीतो कधीही बदलत नाही, 'एस्क्रीतास' होत नाही. 'पत्रं लिहून झालेली आहेत' असं एस्तारने सांगायचं असेल तेव्हा मात्र होतं: लास कार्तास एस्तान एस्क्रीतास. याची भरपाई म्हणून गुस्तार आपल्या बाजूने आहे. 'मला आवडतं, मला आवडतात' आणि 'मे गुस्ता, मे गुस्तान' यांची घडी एकच. ज्यावर इतर अनेक भाषांचे विद्यार्थी अडखळतात ते मराठी माणूस विचार न करता बोलून जातो.

दुसरा सापळा दोन भूतकाळांचा. इथे मराठी बरीच मदत करते. 'जायचो, जात असे, जात होतो' यांना अपूर्ण भूतकाळ: इबा. 'गेलो' याला साधा भूतकाळ: फुई. 'मला माहीत होतं' म्हणजे साबीआ, 'मला कळलं' म्हणजे सुपे. 'मी त्याला ओळखत होतो' म्हणजे कोनोसीआ, 'ओळख झाली' म्हणजे कोनोसी. मराठीत आपण क्रियापदच बदलतो, स्पॅनिश काळ बदलून तेच साधते. पण ही मदत एका ठिकाणी दगा देते. 'मी लिमात तीन वर्षं राहत होतो' हे स्पॅनिशमध्ये 'बिबीआ' नाही, बिबीऽ त्रेस आन्योस एन लीमा. मुदत सांगितली की क्रियेला कड आली, आणि कड असलेली क्रिया स्पॅनिशमध्ये साध्या भूतकाळात जाते, ती कितीही लांबली असली तरी. वाक्यात 'इतके दिवस', 'दिवसभर', 'अमुकपासून अमुकपर्यंत' दिसलं की 'होतो'चा मोह आवरा.

'ठेवलं' आणि 'ठेवलंय' यांवरून पुसे आणि ए पुएस्तो ठरवायला जाऊ नका. स्पेनच्या बऱ्याच भागात आजच घडलेल्या गोष्टीला ए पुएस्तो म्हणतात. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात त्याच जागी सहज पुसे येतं. ज्यांच्याशी बोलणार आहात त्यांचा कल धरा.

तिसरा सापळा सुब्खुन्तिबोचा, आणि इथे थोडं थांबायला हवं. मराठीच्या शालेय व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार अर्थ शिकवतात, त्यामुळे सुब्खुन्तिबो म्हणजे विध्यर्थ असं समीकरण डोक्यात बसतं. काही वाक्यांत ते चपखल जुळतं: 'तू यावंस असं मला वाटतं', किएरो के बेंगास. पण इथून पुढे वाटा फुटतात.

'तू यावंस असं मला वाटत होतं' यात मराठी 'यावंस' जागचं हलत नाही, कारण विध्यर्थाला काळ नाही. स्पॅनिशमध्ये आहे. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागच्यालाही जावं लागतं: केरीआ के बिनिएरास. 'केरीआ के बेंगास' हे मराठी माणसाचं हमखास चुकणारं वाक्य.

'तो येईल असं मला वाटत नाही.' इथे मराठीत विध्यर्थाचा मागमूस नाही, साधा भविष्यकाळ आहे. स्पॅनिशमध्ये मात्र नो क्रेओ के बेंगा. 'येईल असं वाटतं' असेल तर स्वार्थ, क्रेओ के बिएने. 'वाटत नाही' म्हटलं की सुब्खुन्तिबो. बोलणारा ती गोष्ट खरी म्हणून पुढे ठेवतोय का, हा इथला निकष. 'तू इथे आहेस याचा आनंद आहे' यात गोष्ट खरीच आहे, तरी मे आलेग्रो दे के एस्तेस आकी. कारण तिथे बातमी द्यायची नसून तिच्याबद्दलची भावना सांगायची असते.

'तो आला की बोलू.' मराठीत चक्क भूतकाळाचं रूप, अर्थ भविष्याचा. स्पॅनिशमध्ये क्वान्दो बेंगा, आब्लामोस. अजून घडायचं आहे म्हणून सुब्खुन्तिबो. 'तो येतो तेव्हा आम्ही बोलतो' हे नेहमीचं असेल तर क्वान्दो बिएने. तसंच 'नकाशे असलेलं पुस्तक शोधतोय' याची स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं होतात: ठरावीक पुस्तक मनात असेल तर उन लिब्रो के तिएने मापास, कुठलंही चालणार असेल तर उन लिब्रो के तेंगा मापास. मराठी वाक्यावरून हा फरक कळत नाही; काय म्हणायचंय ते स्वतःलाच विचारावं लागतं.

चौथा सापळा 'जर-तर'चा. 'वेळ असता तर गेलो असतो' हे मराठी वाक्य आजच्याबद्दलही असू शकतं आणि गेल्या वर्षीबद्दलही. स्पॅनिशला निवड करावी लागते. आत्ता वेळ नाही: सि तुबिएरा तिएम्पो, इरीआ. तेव्हा वेळ नव्हता: सि उबिएरा तेनीदो तिएम्पो, आब्रीआ इदो. आणि खरोखर शक्य असेल, 'वेळ असला तर जाईन', तर साधा वर्तमान: सि तेंगो तिएम्पो, बोय. या 'सि'मागे 'तेंगा' येत नाही, 'तेन्द्रीआ'ही येत नाही. दोन्हीकडे 'असता-असतो' हे सारखं ऐकू येत असल्यामुळे मराठी माणूस 'सि तेन्द्रीआ' म्हणतो. स्पेनच्या उत्तरेकडे, बास्क प्रदेशात आणि बुर्गोसच्या आसपास, तिथली माणसंही असं बोलतात, त्यामुळे ते कानावर पडेल. पण प्रमाण भाषेत ते चूकच मानतात, लिहिताना टाळा.

पुस्तक बदललं की काळांची नावं बदलतात

पुसे, पुसिस्ते या काळाला एका पुस्तकात 'इन्देफिनिदो' म्हटलेलं असतं, दुसऱ्यात 'पेर्फेक्तो सिम्प्ले', तिसऱ्यात नुसतं 'प्रेतेरितो'. तिन्ही एकच. मूळचे काराकासचे व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी १८४७ साली चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात काळांना नवी, तर्कशुद्ध नावं दिली, आणि मेक्सिकोसारख्या देशांच्या शाळांत ती रुळली. पोनीआ तिथे 'कोप्रेतेरितो' आणि पोन्द्रीआ 'पोस्प्रेतेरितो'. स्पेनच्या राजेशाही अकादमीच्या कोशातले तक्ते दोन्ही नावं शेजारी शेजारी देतात, म्हणून पडताळा घ्यायला तेच बरे. स्वतःच्या वहीत तर मी नावाऐवजी पोनेरचं रूप लिहावं असं म्हणेन: 'पुसेचा काळ', 'पोनीआचा काळ'. नाव बदलेल, रूप बदलणार नाही.

आज्ञार्थ

इथे फार गुंता नाही. 'तू'ची होकारार्थी आज्ञा बहुधा वर्तमानातल्या 'तो'च्या रूपासारखी: आब्ला, कोमे, दुएर्मे. वाकडी आठ: पोन, तेन, बेन, साल, दी, आस, बे, से. नकार आला की रूपच बदलतं आणि सुब्खुन्तिबो येतो: पोन, पण नो पोंगास. मराठीतही 'ठेव' आणि 'ठेवू नकोस' ही रूपं वेगळी आहेतच, त्यामुळे हे अंगवळणी पडायला जड जात नाही. सर्वनामाची जागाही पलटते: 'ते ठेव' म्हणजे पोनलो, 'ते ठेवू नकोस' म्हणजे नो लो पोंगास. आदरार्थी आज्ञा दोन्हीकडे सुब्खुन्तिबोचीच: पोंगा, नो पोंगा.

सराव कसा करायचा

एका काळाची सहा रूपं ओळीने म्हणणं बंद करा. उलट एक माणूस धरा आणि काळ व अर्थ बदलत जा. 'तू' धरला तर: पोनेस, पोनीआस, पुसिस्ते, पोन्द्रास, पोन्द्रीआस, पोंगास, पुसिएरास. असं आडवं गेलं की अंग कुठे बदलतं ते जिभेला कळतं. उभ्या तक्त्यात ते कधीच कळत नाही. 'तुम्ही सगळे'साठी 'उस्तेदेस'ने काम भागणाऱ्या लॅटिन अमेरिकेसाठीच शिकत असाल तर 'बोसोत्रोस'ची (स्पेनमधल्या 'तुम्ही'ची, पोनेइससारखी) रूपं फक्त ओळखता आली तरी पुरे, बोलण्याच्या सरावातून ती काढून टाका.

मग 'ते इथे ठेवणे' हा भाग तोच ठेवून वाक्याची सुरुवात बदला. 'तो ते इथे ठेवतो': से के लो पोने आकी. 'ठेवत असे': साबीआ के लो पोनीआ आकी. 'ठेवेल म्हणाला': दिखो के लो पोन्द्रीआ आकी. 'त्याने ठेवावं': किएरो के लो पोंगा आकी. 'ठेवावं असं वाटत होतं': केरीआ के लो पुसिएरा आकी. 'ठेवलं असतं तर': सि लो उबिएरा पुएस्तो आकी. हे मोठ्याने म्हणायचं, लिहून नाही, कारण जोर कागदावर ऐकू येत नाही. नंतर पोनेरच्या जागी देसिर घाला, त्राएर घाला. एखाद्या ओळीला जीभ अडली तर थांबा आणि अडली ती नेमकी कशावर ते पाहा: दीगो आठवत नसल्यामुळे 'दीगा' येत नसेल तर त्या क्रियापदाची पाच रूपं पुन्हा एका ओळीत लिहा, पण दीगा आणि दिखेरा दोन्ही येत असून कुठलं वापरावं तेच सुचत नसेल, तर क्रियापदाला हात लावू नका, आधी किएरो आणि केरीआचीच वाक्यं दहा वेगवेगळ्या क्रियापदांवर चालवा.